सहा उत्तरांचं कोडं

आण्णा, धाकट्या भावानं काल घरच्या ग्रुपवर पुन्हा तीच गोष्ट सांगितली. ग्रुप म्हणजे काय हे तुम्हाला समजावत बसले तर पत्र इथंच संपेल; एवढंच समजा, सगळे नातेवाईक मोबाईलवर एका जागी जमतात आणि सकाळी उठून एकमेकांना फुलं पाठवतात. तर माझ्या लेकीनं पुण्याहून तिथं एक कोडं टाकलं. दोन सफरचंदं अधिक एक केळं, मग घड्याळ, मग बूट, आणि वर लिहिलेलं, हुशार असाल तरच सोडवा. मी म्हटलं, हे कसलं डोंबलाचं कोडं, ही तर मंडईतली पिशवी सांडली आहे. त्यावर धाकटा लगेच, ‘आक्काला इचारू नका, आक्काची नजर चुकती. आण्णांच्या कोड्याचं काय झालतं ठाऊक हाय न्हवं?’ आणि मग पहिल्यापासून सगळं, छापखाना, उलटा त्रिकोण, प्रूफ बघूनही आक्काला दिसलं नाही ते. खाली हसऱ्या तोंडांची रांग. लेकीनं विचारलं, आई, खरंच तुझ्या नजरेतून सुटलेलं? मी ‘हो’ लिहिलं, मग पुसलं, मग परत ‘हो’ लिहिलं आणि पाठवून दिलं. साठी उलटली माझी. आयुष्यभर पोरांना गणित शिकवताना एकच बोंब मारत आले की उत्तर चुकलं तर चुकू दे, पण खोटी पायरी लिहू नका. आणि स्वतः चाळीस वर्षं एका खोट्या पायरीवर बसून आहे. त्या शनिवारी प्रूफ बघताना काय झालं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. ते सांगायला बसले आहे.

तुमचा छापखाना महाद्वार रोडच्या मागच्या बोळात. आत पाऊल टाकलं की आधी रॉकेलचा आणि शाईचा वास, मग मशीनचा खडखडाट, मग कोपऱ्यात, उंच स्टुलाला टेकून, तुम्ही. तुम्ही जुळारी. डाव्या हातात ती पितळी पट्टी, उजवा हात समोरच्या खणांतून शिशाचे खिळे उचलतोय, एकेक अक्षर, तेही उलटं, आणि तुम्ही ते उलटं असं वाचताय की जणू सगळं जगच तसं छापलेलं आहे. लग्नपत्रिका, कुस्त्यांची हँडबिलं, शाळांच्या निकालाचे तक्ते, आणि दर रविवारी निघणारं आपल्या गावचं साप्ताहिक. लग्नपत्रिकेला तुम्ही घाबरत नव्हता, निकालाच्या तक्त्याला घाबरायचात. ‘शब्द चुकला की डोळ्यात खुपतोय,’ तुम्ही म्हणायचात, ‘आकडा चुकला तर दुसरा आकडा हून गप बसतोय.’ म्हणून तुम्ही आकड्यांना नऊ घालायचात. सातशे बत्तीस असेल तर अंकांची बेरीज, सात, तीन, दोन, बारा. एक, दोन, तीन. म्हणजे नवानं भागून बाकी तीन. कागदावरच्या आकड्याची बाकी आणि जुळवलेल्या आकड्याची बाकी एक आली की हात पुढच्या ओळीला. हे तुम्हाला एका म्हाताऱ्या जुळाऱ्यानं शिकवलं होतं आणि त्याचं कारण त्यालाही ठाऊक नव्हतं. कारण तुम्ही स्वतः शोधलंत, दहाला नवानं भागलं तर एक उरतो, शंभरालाही एक, हजारालाही एक, म्हणून अंक कुठल्याही घरात बसला तरी नवाला तो तेवढाच दिसतो. सातवी झालेल्या माणसानं हे स्टुलावर बसून शोधलं, यात केवढं काय आहे, हे मला कळायला एम.एस्सी. व्हावं लागलं.

नवाची खोडही तुम्हाला माहीत होती. अंकांची अदलाबदल झाली तर त्याला पत्ता लागत नाही, सातशे बत्तीस काय आणि सातशे तेवीस काय, त्याला दोन्ही सारखेच. आणि त्याच खोडीतून तुमची कोडी निघाली. साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर एक कोपरा नेहमी रिकामा राहायचा. मालक म्हणाले, काहीतरी भरा हो तिथं. तुम्ही वेलबुट्टीच्या खणातले खिळे उचललेत, एक टिकली, एक चांदणी, एक त्रिकोण, आणि अंकांच्या जागी ती चिन्हं लावून बेरीज मांडलीत. एका चिन्हाचा एकच आकडा, दोन चिन्हांचे आकडे वेगळे, शोधा कुणाचा कुठला. खाली तुमचं नाव नाही, नुसतं ‘एक गणितप्रेमी’. बक्षीसही नाही. सोमवारी सकाळी छापखान्यात येऊन जो पहिलं बरोबर उत्तर देईल त्याचं नाव पुढच्या रविवारी छापून यायचं, बस्स. पण आपल्या गावच्या माणसाला तेवढं पुरतं. तालमीतली माणसं व्यायाम करून आली की कट्ट्यावर कोळशानं बेरजा मांडायची. चहाच्या गाड्यावर मारामारी व्हायची वेळ यायची, चांदणी सात का आठ यावरून. छापखान्यात चिन्हांचे खिळे मोजकेच, म्हणून तुम्ही एक युक्ती केली होती. तोच त्रिकोण उलटा लावायचा, टोक खाली, आणि त्याला वेगळं चिन्ह धरायचं. लोकांना सवय झाली होती, टोक वर असेल तर एक आकडा, टोक खाली असेल तर दुसरा. ही सवयच पुढं आपल्याला नडली.

दर शनिवारी संध्याकाळी तुम्ही कोड्याचं प्रूफ घरी घेऊन यायचात. ओलसर कागद, कडेला अंगठ्याचा काळा ठसा. मी स्वयंपाकघरात भाकरीच्या परातीशेजारी तो कागद ठेवून सोडवायची आणि तुम्ही चहा पीत माझ्या तोंडाकडं बघत बसायचात. मला लवकर सुटलं की तुम्ही खट्टू व्हायचात, वेळ लागला की खूश. ‘नऊ घाल की गं,’ मधेच म्हणायचात, आणि आई तव्यावरून म्हणायची, ‘अवं, तिला आधी परात तरी उचलू द्या.’ त्या वेळी मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, गणित घेऊन. वर्गात पोरी आम्ही तिघीच. आमचे प्राध्यापक मोठे हुशार, कडक इस्त्रीचे, आणि त्यांनी एकदा मला म्हटलं होतं की तू पुढं शिकलीस तर नाव काढशील. त्या एका वाक्यावर मी वर्षभर हवेत चालत होते. त्यांना मी घरचं कधी काही सांगितलं नव्हतं. वडील काय करतात विचारलं तर ‘छपाईच्या व्यवसायात आहेत’ म्हणायची. खोटं नव्हतं ते, पण ऐकणाऱ्याला मालक वाटावं, अशा बेतानं म्हणायची.

मग तो गुरुवार. माझं जर्नल घरी राहिलं होतं आणि त्या दिवशी ते दाखवायचं होतं. तुम्ही कामावरून सुटून, तसेच, कोपरापर्यंत शाई, सायकल हाणत कॉलेजात आलात. व्हरांड्यात सर आणि आम्ही सात-आठ जण उभे. जर्नल देऊन निघाला असतात तर काही झालं नसतं. पण तुम्हाला कळलं की हेच ते गणिताचे सर, आणि तुमच्यातला गणितप्रेमी उसळून वर आला. ‘सर, त्या साप्ताहिकातली कोडी मीच करतोय,’ असं म्हणून तुम्ही नोटीसबोर्डाच्या धुळकट काचेवर बोटानं त्रिकोण, टिकली काढून त्यांना नऊ कसं बसतं ते दाखवायला लागलात. काचेवर शाईचा डाग उमटला. सर एवढंच म्हणाले, ‘वा, पावणं! हे तर आमचं मॉड्युलो नऊ. तुमच्याकडं दुकानाच्या काउंटरवर चालतं वाटतं?’ पोरं हसली. आणि आण्णा, तुम्हीही हसलात. तुम्हाला वाटलं कौतुक झालं. मला त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, आणि राग आला तो हसणाऱ्यांचा नाही, तुमचा.

घरी येऊन मी तोंड सोडलं. मी म्हणाले, ‘सातवी शिकलेल्या माणसानं कॉलेजात येऊन गणित शिकवू नये.’ तुम्ही ओरडला नाहीत. तुमचा आवाज एरवी बोळाच्या तोंडापर्यंत जायचा, त्या दिवशी घरातसुद्धा नीट ऐकू आला नाही. ‘हाताची शाई दिसली तुला,’ तुम्ही म्हणालात, ‘काचेवर मांडलेलं बरोबर व्हतं का न्हाय, त्ये बघितलंस का?’ मी पाय आपटत आतल्या खोलीत गेले. खरं तर मी बघितलं होतं. बरोबर होतं. पण ते मान्य करायचं नव्हतं, म्हणून दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही, आणि तुम्ही जेवायला बसलात की मी उठून जायची.

शनिवारी तुम्ही प्रूफ घेऊन आलात. तुम्हाला माझ्याशी बोलायचं होतं आणि बोलायला तुमच्याकडं तो कागदच होता, हे आज मला स्पष्ट दिसतं. तुम्ही तो माझ्या पुढ्यात ठेवता आणि थट्टेनं म्हणता, ‘घ्या बाईसाहेब, तुमच्या सरांचं मॉडुलो लावून बघा.’ त्या एका शब्दावर माझं डोकं परत भडकतं. मी कागद उचलून आत जाते. तुमच्या कागदावर असं होतं:

▲●★ + ▲★● = ★●▼

मला हे कोडं कसं असायला हवं ते पहिल्या नजरेत कळलं, कारण तुमचा हात मला माहीत होता. शेवटचा त्रिकोण सुलटा असता तर तिन्ही संख्यांत तीच तीन चिन्हं. मग नवाच्या दृष्टीनं तिन्हींची बाकी एकच. आणि बाकीत तीच बाकी मिळवून परत तीच येते, हे कधी होतं? बाकी शून्य असेल तेव्हाच. म्हणजे त्रिकोण, टिकली आणि चांदणी यांची बेरीज नऊ किंवा अठरा. मग मधलं घर बघायचं, टिकलीत चांदणी मिळवून परत टिकलीच येते, तर चांदणी नऊ आणि मागून हातचा एक. डावीकडं त्रिकोणाची दुप्पट अधिक एक बरोबर नऊ, त्रिकोण चार. नऊ आणि चार तेरा, अठराला उरले पाच, टिकली पाच. चारशे एकोणसाठ अधिक चारशे पंचाण्णव, नऊशे चौपन्न. तीनच अंक, तेच तीन अंक, तीनदा. एवढं देखणं कोडं तुम्ही आधी कधी केलं नव्हतं. काचेवरच्या त्या प्रकारानंतर दोन दिवस खपून ते तुम्ही कुणासाठी केलं असेल, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

पण शेवटचा त्रिकोण उलटा लागला होता. मागच्या आठवड्याचं कोडं मोडून खिळे खणात परत टाकायचे राहिले होते, त्यातलाच जुळवलेला त्रिकोण तुम्ही उचललात आणि तो टोक खाली असलेला होता. छापखान्यात नसलेल्या माणसाच्या हातून ही चूक होऊच शकत नाही. खिळा तोच, खण तोच, आणि उलटं वाचायची सवय झालेल्या डोळ्याला वर-खाली सारखंच. पण वाचणाऱ्यासाठी ते चौथं चिन्ह झालं. नवाची पकड सुटली. चांदणी नऊ, त्रिकोण चार इथपर्यंत येतं, पुढं टिकली उलट्या त्रिकोणापेक्षा एकनं मोठी, एवढंच कळतं आणि टिकलीला धरून ठेवायला कुणी उरत नाही. मी वहीच्या मागच्या पानावर भराभरा मांडलं. टिकली एक, दोन, तीन, सहा, सात, आठ. सहा उत्तरं, सहाही बरोबर, आणि तुमचं नऊशे चौपन्न तेवढं चूक, कारण त्यात उलटा आणि सुलटा दोन्ही त्रिकोण चारच येतात. तीन मिनिटं लागली असतील. मी बाहेर आले. तुम्ही चहाचा कप हातात धरून बसला होता, प्यायला नव्हतात. ‘बरोबर हाय का?’ तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, ‘बरोबर आहे.’ ‘नऊ बसतंय?’ ‘बसतंय.’ तुमचा चेहरा खुलला आणि तुम्ही कागद घेऊन निघालात. पान मशीनवर चढायला अजून दोन तास होते. सायकल दारात होती आणि छापखाना दहा मिनिटांवर. मी उठले नाही. म्हटलं, एकदा तुमच्यावरही लोक हसू देत, मग कळेल कसं वाटतं ते.

सोमवारी माझा पहिला तास नव्हता. मी छापखान्यासमोर, बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. आधी आपल्या पेठेतला एक पैलवान आला, उत्तर काखेत मारून. त्याच्या मागं गडमुडशिंगीचा दूधवाला, कॅन सायकलला तशाच लटकलेल्या. मग कागलहून पहिल्या गाडीनं आलेले एक मास्तर, टोपी, धोतर, घडी केलेला कागद. मग आणखी दोघे-तिघे. मालकांनी तुमच्या बंद पाकिटातलं उत्तर वाचलं, नऊशे चौपन्न, आणि एकदम गलका झाला. ‘ओ मालक,’ पैलवान म्हणतो, ‘उल्टा न् सुल्टा त्रिकोन येकच आकडा व्हय? मागल्या हप्त्यात तर येगळा व्हता की!’ दूधवाला म्हणतो, ‘माझं बगा, माझं चुकलंय कुटं त्ये दावा आदी.’ मास्तर तर व्यासपीठावर उभं राहिल्यासारखे बोलत होते, ‘अहो, माझंही बरोबर आणि यांचंही बरोबर, मग हे गणित आहे का पोरखेळ?’ कुणाचं चुकलं नव्हतं आण्णा, आणि कुणाचं दुसऱ्याशी जुळतही नव्हतं. हसायला कुणी आलं नव्हतं हो. ती माणसं दुखावली होती. दूधवाल्याचा रतीब खोळंबला होता, मास्तरांची शाळा बुडाली होती, नाव छापून येईल म्हणून आली होती बिचारी. मालकांनी तुम्हाला हाक मारली. तुम्ही अंगात कामाचा निळा डगला घालून बाहेर आलात, कागद हातात घेतलात आणि एका नजरेत तुमच्या ध्यानात आलं. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘प्रूफ कुणी तपासलं?’ तुम्ही म्हणालात, ‘मीच.’ ‘आणि कुणाला दाखवलं नाही?’ ‘न्हाय मालक. माझीच चूक.’

पुढच्या आठवड्यापासून कोडं कॉलेजातून मागवायचं ठरलं. आमच्या सरांकडून. ‘एक गणितप्रेमी’च्या जागी त्यांचं नाव आणि पदवी छापून यायला लागली, आणि ती तुम्ही जुळवलीत, एकेक खिळा. तुमचा तो कोपरा गेला. गावात तेवढी एकच जागा होती, जिथं माणसं तुमच्या डोक्याशी भिडायला यायची, तुम्ही कोण हे माहीत नसताना. त्यानंतर तुम्ही कोडं केलं नाहीत, घरातसुद्धा नाही. मी एकदा म्हटलं, करा की एखादं, तर म्हणालात, ‘आता काय, सर करत्यात की.’ दोन वर्षांनी सरांच्या एका बेरजेत हातचा चुकला होता. तुम्ही नऊ घातलंत, सापडलं, एक चांदणी काढून तिथं टिकली लावलीत आणि छापायला दिलीत. सरांना सांगितलं नाहीत, मालकांना सांगितलं नाहीत, मला सांगितलंत, तेही ‘कुणाला बोलू नको, माणूस ओशाळतोय’ अशी अट घालून.

आणि त्या सोमवारची संध्याकाळ. मी स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसले आहे. तुम्ही येता, हातपाय धुता, शाई नखांत तशीच. आईला बोळातल्या बायकांकडून सगळं आधीच कळलेलं आहे आणि ती माझ्याकडं बघून तोंड उघडणार, तोच तुम्ही तिला हातानं थांबवता. ‘आक्काला कुणी काय बोलायचं न्हाय,’ तुम्ही म्हणता. मग माझ्याजवळ बसता. ‘जुळाऱ्यालाच उल्टा-सुल्टा कळंना, तर तुला कुठनं कळावं? नजर हाय, चुकती. माझी रोज चुकती, तुझी येकदा चुकली.’ तुम्हाला काळजी कसली होती, तर परीक्षा तोंडावर आली आहे आणि एवढ्यावरून पोरीचा गणितातला जीव जाऊ नये. तुम्ही माझी समजूत काढत होता. मी तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि तुम्हाला वाटलं, चूक झाली म्हणून रडते आहे. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण तुम्ही पाठीवरून हात फिरवत होता आणि ते एवढं बरं वाटत होतं की मी ते तसंच राहू दिलं.

मग ते तसंच राहिलं. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही माझ्या नावाच्या चिठ्ठ्या छापून आणल्यात, नाव, पुढं एम.एस्सी., कडेनं बारीक वेलबुट्टी. आपल्या घरात छापलेलं पहिलं नाव, लग्नपत्रिका सोडून. देताना तुम्ही सगळ्यांना म्हणालात, ‘येवढी शिकली, पण नजर बापावर गेली!’ सगळे हसले, मीही हसले. माझ्या लग्नात सासऱ्यांना तुम्ही तीच गोष्ट सांगितलीत, बारशाला परत तीच. तुमच्या तोंडी ती लाडाची गोष्ट होऊन गेली. शेवटी तुम्हाला मोतीबिंदूनं दिसेनासं झालं तेव्हा मी पेपर वाचून दाखवायची. एकदा धीर करून म्हटलं, ‘आण्णा, ते उलट्या त्रिकोणाचं कोडं...’ तर तुम्ही लगेच, ‘अजून मनात धरून बसलीस व्हय? सोड गं, येडी का खुळी तू.’ आणि मी सोडलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत आले. आता तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होऊन गेली, आणि अजून मी गप्पच. त्यात तुम्हाला बरं वाटण्याचा संबंध उरला आहे का, तुम्हीच सांगा.

हे कुठं टाकायचं पत्र नाही. लेकीला पाठवेन असं लिहायला घेताना वाटलं होतं, आता वाटत नाही. तिच्या ग्रुपवर हे गेलं की परत तोंडांची रांग लागेल, या वेळी रडक्या. लिहून झालं की फाडून चुलीत घालावं म्हटलं तर घरात गॅस आहे. असो. मी विद्यार्थ्यांना सांगायची, शेवटची पायरी गाळू नका, मार्क तिथंच असतात. माझीही एक गाळलेली आहे. मी मघाशी रागाचं सगळं लिहिलं, आणि वाचणाऱ्याला वाटेल, पोर तापट होती, केलं रागाच्या भरात, पश्चात्ताप झाला. तेवढंच नव्हतं. त्या सोमवारी मी बांगडीवाल्याच्या पायरीवर उभी होते आणि समोर एकेक माणूस आपलं उत्तर ओरडून सांगत होता. नऊशे दहा. नऊशे एकवीस. नऊशे बत्तीस. मी बोटं दुमडून मोजत होते. नऊशे पासष्ट, नऊशे शहाहत्तर. दूधवाल्यानं नऊशे सत्त्याऐंशी म्हटलं तेव्हा तुम्ही दारात मान खाली घालून उभे होता, मला दिसत होता. आणि मला आनंद झाला होता, आण्णा. माझ्या वहीतल्या सहांपैकी एकही उत्तर सुटलं नव्हतं.